शिक्षक होण्याची किंमत कोणी मोजायची?

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी भेटावयास आला. वय चौतीस. वाणिज्य शाखेचा पदवीधर. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेली दहा-अकरा वर्षे तो भांडार सांभाळतो. महिनाअखेर बावीस हजार रुपये हाती पडतात. पत्नी अंगणवाडीत सेविका आहे. संध्याकाळी वस्तीतील पंधरा-वीस मुलांना घेऊन तो समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो आणि ज्यांना चौथीत जाऊनही वजाबाकी येत नाही त्यांना ती शिकवितो. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, हे संध्याकाळचे काम दिवसभराचे व्हावे असे वाटते. मला पहिली-दुसरीच्या मुलांचा मास्तर व्हायचे आहे. वाट कोठून जाते तेवढे सांगा."

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता यावयास हवे होते. प्रत्यक्षात गुरु-शिष्य कागद-पेन्सिल घेऊन दोन तास बसले. उत्तर सापडले, परंतु ते सांगताना संकोच वाटला. ज्या समाजाला आपल्या मुलांसाठी मनापासून शिकविणारे शिक्षक हवे आहेत असे तो रोज सांगतो, त्या समाजाने शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या प्रौढ, अनुभवी आणि कष्टकरी माणसाच्या मार्गात काय काय उभे करून ठेवले आहे, हे त्या कागदावर स्वच्छ उमटले होते. हा प्रश्न एका विद्यार्थ्याचा असता तर त्यासाठी हे पान खर्ची घालण्याचे कारण नव्हते. तो तसा नाही, म्हणूनच वाचकांसमोर मांडीत आहोत.

प्रथम वाट कशी आहे ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्यास अनुसरून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 रोजी शिक्षकांची किमान अर्हता ठरवून दिली. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला बारावीला विहित गुण, त्यानंतर दोन वर्षांची प्रारंभिक शिक्षणाची पदविका, म्हणजे आपल्या बोलण्यातले डी.एड., आणि शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक झाली. टीईटी 150 गुणांची. उत्तीर्ण होण्यास साठ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. महाराष्ट्रात यावर आणखी एक पायरी आहे. ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची. तिच्या गुणांवर 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून उमेदवाराची निवड होते. निवड झाली तरी तो शिक्षक होत नाही. तो 'शिक्षण सेवक' होतो. तीन वर्षे मानधनावर सेवा केल्यावर त्याला शिक्षकाची वेतनश्रेणी मिळते.

आमच्या विद्यार्थ्याला वाटत होते की आपण पदवीधर आहोत, बी.एड. केले की झाले. तसे नाही. बी.एड.वर सहावी ते आठवीच्या वर्गांची वाट उघडते, पहिली ते पाचवीची नाही. 2018 साली परिषदेने बी.एड. झालेल्यांनाही सहा महिन्यांच्या जोड-अभ्यासक्रमाच्या अटीवर पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने ती सवलत अवैध ठरविली. या निकालाने हजारो बी.एड. धारकांची निराशा झाली हे खरे. तरीही त्यामागील तत्त्व आम्हाला मान्य आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षराशी आणि अंकाशी पहिली ओळख करून देणे ही माध्यमिक शाळेत इतिहास शिकविण्याची कनिष्ठ आवृत्ती नव्हे. ते स्वतंत्र कौशल्य आहे, किंबहुना अधिक अवघड कौशल्य आहे. गरिबाच्या मुलाला अर्धशिक्षित शिक्षक चालेल, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला समाजवाद्यांनी बसता कामा नये. तेव्हा अर्हता सैल करा अशी आमची मागणी नाही. ती अर्हता मिळविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तो हिशेब आम्ही मांडला. पदविका पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष हजेरीची आहे. कारखाना सांभाळून ती करता येत नाही. म्हणजे चोवीस महिन्यांचे उत्पन्न बुडाले. दरमहा बावीस हजार या हिशेबाने ही रक्कम 5,28,000 रुपये होते. पुढे निवड झालीच तर तीन वर्षे शिक्षण सेवकाचे मानधन. ही योजना 2000 साली आली तेव्हा प्राथमिकसाठी ते 3,000 रुपये होते, पुढे 6,000 झाले, आणि 2023 साली ते 16,000 करण्यात आले. आजच्या मिळकतीपेक्षा दरमहा 6,000 कमी, म्हणजे छत्तीस महिन्यांत आणखी 2,16,000. एकूण 7,44,000 रुपये. पावणेतीन वर्षांहून अधिक काळाची संपूर्ण कमाई त्याने शिक्षक होण्यासाठी समाजाच्या चरणी वाहावयाची. यात अध्यापक विद्यालयाचे शुल्क धरलेले नाही, परीक्षांचे अर्ज धरलेले नाहीत, आणि सर्वात महाग गोष्ट, ती म्हणजे वाट पाहणे, तीही धरलेली नाही.

कारण ही वाट पाहणे किती वर्षांचे असेल हे कोणी सांगू शकत नाही. अभियोग्यता चाचणी प्रथम 2017 च्या डिसेंबरात झाली. दुसरी झाली 2023 च्या प्रारंभी. तिसरी 2025 मध्ये. पहिल्या दोहोंमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर, नंतरच्या दोहोंमध्ये दोन वर्षांहून अधिक. आमचा विद्यार्थी उद्याच पदविकेला बसला तर छत्तिसाव्या वर्षी बाहेर पडेल. खुल्या प्रवर्गातील उमेदवारासाठी शासकीय सेवाप्रवेशाची सर्वसाधारण वयोमर्यादा 38 आहे, मागासवर्गीयांसाठी 43. एक भरती हुकली की त्याचे दार कायमचे बंद. कोणताही शहाणा माणूस असा जुगार खेळणार नाही. खेळेल तो एकतर ज्याच्या घरी शेतीवाडी किंवा दुसरा भक्कम पगार आहे तो, किंवा ज्याला गमावण्यासारखे काही उरलेलेच नाही तो.

या ठिकाणी आमचे काही कार्यकर्ते हरकत घेतील, आणि ती हरकत रास्त आहे. ते म्हणतील, 'डी.एड. झालेली लाखो मुले घरी बसली असताना कारखान्यातल्या माणसाला शिक्षक करण्याची काळजी तुम्ही कशाला वाहता?' परंतु ही मुले आज आहेत कोठे? या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात अध्यापक विद्यालयांचे पीक आले. शिक्षणसम्राटांनी गल्लोगल्ली पाट्या लावल्या, शासनाने परवानग्या दिल्या. शेतकऱ्याने बांधावरची जमीन विकून मुलीला डी.एड.ला घातले. नंतर 2010 च्या सामायिक परीक्षेनंतर भरती थंडावली, 2012 साली शिक्षकभरतीवर बंदी आली, आणि पुढची राज्यव्यापी निवडचाचणी व्हावयास 2017 साल उजाडले. ज्यांनी तेव्हा पदविका घेतली ती 'मुले' आज पस्तिशी-चाळिशीची आहेत. कोणी रिक्षा चालविते, कोणी पतसंस्थेची वसुली करते, कोणी सुरक्षारक्षकाचा गणवेश चढविते, कोणी खासगी इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर राबते. घरी कोणीच बसलेले नाही. घरी बसणे त्यांना परवडतच नव्हते. म्हणजे दुसऱ्या व्यवसायातून शाळेत येऊ पाहणाऱ्यांत पहिला क्रमांक याच मंडळींचा लागतो. कारखान्यातला भांडारपाल आणि डी.एड. झालेला रिक्षावाला हे प्रतिस्पर्धी नाहीत. एकाच बंद दाराबाहेर उभे असलेले दोघे आहेत. वयोमर्यादेचा दंड मात्र त्यांनी भरावयाचा, आणि ज्यांनी सात वर्षे दार उघडलेच नाही त्यांना कोणी विचारावयाचे नाही!

या दीर्घ प्रतीक्षेचे दुसरे फळ म्हणजे भ्रष्टाचार. जेथे हजारो हात एका जागेकडे पसरलेले असतात तेथे दलाल उभा राहतोच. टीईटीच्या निकालांतील गैरव्यवहार 2021 च्या अखेरीस उघडकीस आला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल 2022 साली रद्द करावे लागले. त्यापूर्वी कित्येक वर्षे खासगी अनुदानित संस्थांत नोकरीचा भाव संस्थाचालकाच्या घरी ठरत असे, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. 'पवित्र' प्रणालीने त्या बाजारावर काही अंशी तरी टाच आणली, म्हणून तिचे आम्ही स्वागतच करतो. पण प्रणाली कितीही पवित्र असली तरी वर्षानुवर्षे तिच्यातून भरतीच झाली नाही तर तिचा उपयोग काय?

आता शासनाची अर्थनीती पाहावी. 2023 च्या जुलैत रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा 20,000 रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी नव्या शिक्षण सेवकाचे मानधन 16,000 ठरले होते. ज्याला निवृत्तिवेतन आहे त्याला अधिक, आणि ज्याचे लेकरू अजून पाळण्यात आहे त्याला कमी! निवृत्तांविषयी आम्हाला असूया नाही. प्रस्तुत लेखकही निवृत्तच आहे. परंतु या आकड्यांमागील विचार ओळखावयास हवा. तो विचार असा की शाळेतील जागा कायम भरली नाही तरी चालते, तिच्यावर कोणीतरी बसविला म्हणजे झाले. शिक्षणहक्क कायद्याचे सव्विसावे कलम सांगते की शाळेतील शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. पालकाने मुलाला शाळेत घातले नाही तर त्याला उपदेश करणारे सरकार स्वतःवरील हे कायदेशीर बंधन मात्र सोयीस्कर विसरते.

स्वस्त शिक्षकाची ही कल्पना नवी नाही. राजस्थानात 1987 साली 'शिक्षाकर्मी' योजना निघाली. ज्या दुर्गम गावांत नेमलेला शिक्षक टिकतच नसे तेथे गावातीलच तरुण निवडून, त्यांना सातत्याने प्रशिक्षण देऊन शाळा चालविण्याचा तो प्रयत्न होता. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, स्थानिक माणसावरचा विश्वास आणि त्याचे अखंड प्रशिक्षण. दुसरी, त्याचे अल्प मानधन. पुढे देशभरच्या राज्यांनी नावे बदलून कंत्राटी शिक्षक नेमले तेव्हा पहिली गोष्ट मागे पडली आणि दुसरी तेवढी मनोभावे उचलली गेली. आपला शिक्षण सेवक त्याच काळातील आहे.

याउलट आपल्याच भूमीत दुसरी परंपरा होती, तिचे स्मरण उपयोगी पडेल. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न प्रामुख्याने मांडला. शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून घ्यावेत, ते प्रशिक्षित असावेत, आणि त्यांचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, असे त्यांचे म्हणणे होते. कष्टकरी वर्गातील माणूस, प्रशिक्षण आणि पुरेसे वेतन या तीन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिसरी नसेल तर पहिली संभवत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1935 साली साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले ते ग्रामीण भागातील गरिबांची मुले मास्तर होऊन पुन्हा खेड्यात जावीत म्हणूनच. त्या काळी व्हर्नाक्युलर फायनल झालेला तरुण आधी शाळेत लागे आणि मग त्याला ट्रेनिंगला धाडीत. प्रशिक्षण हा नोकरीचा भाग होता, नोकरीच्या आशेने खेळलेला डाव नव्हता.

आणि दुसऱ्या व्यवसायातून आलेल्या माणसाने बालशिक्षणाला काय दिले याचा दाखला हवा असेल तर शेजारच्या गुजरातकडे पाहावे. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. 1916 साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. त्यांच्या सहवासात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ते बीज महाराष्ट्रात आणले, आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने बोर्डी व कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत अंगणवाडी नेली. ज्याने जगाचा काही अनुभव घेतला आहे आणि मग जाणूनबुजून लहान मुलांकडे वळला आहे, अशा माणसाचे मोल वेगळे असते. असे लोक आजही आहेत. फरक इतकाच की आजच्या वकिलाला दोन वर्षे बिनपगारी राहणे कदाचित परवडेल. भांडारपालाला ते परवडत नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरात आणखी एक व्यक्ती आहे, तिच्याविषयी बोलल्याविना हा विषय पुरा होत नाही. त्याची पत्नी. अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली; तिला पन्नास वर्षे झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी, गोष्टी, रंग, आकार शिकविणारी ही बाई वर्षानुवर्षे 'मानसेवी' राहते. दहा वर्षे बालकांत काढलेल्या आणि बारावी उत्तीर्ण असलेल्या सेविकेला शेजारच्याच खोलीतील पहिलीच्या वर्गाची शिक्षिका होण्यासाठी कोणतीही शिडी ठेवलेली नाही. तिनेही अंगणवाडी सोडावी, दोन वर्षे पदविका करावी, आणि मग रांगेत उभे राहावे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 तर पुढे जाऊन 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता करू पाहते. बारावीनंतर लगेच घ्यावयाची चार वर्षांची पदवी अठरा वर्षांच्या मुलाला सोयीची असेल. पस्तीस वर्षांच्या सेविकेला आणि कामगाराला ती म्हणजे भिंतच.

'नोकरीत राहून अर्हता मिळविणे' ही कल्पना अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणू नये. 2017 साली शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती करून सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत मुदत दिली गेली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने त्यांच्यासाठी पदविकेचा खास अभ्यासक्रम चालविला. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांना टीईटी बंधनकारक केली, पण त्यासाठी दोन वर्षांचा अवधी दिला. तोवर त्यांचे वेतन चालूच राहणार. तेव्हा पगार चालू असताना पात्रता मिळविण्याचे तत्त्व कायद्याने आणि न्यायालयाने मान्य केलेलेच आहे. ते फक्त आधी आत शिरलेल्यांना लागू आहे. बाहेर उभ्या असलेल्या कष्टकऱ्याला ते लागू करा, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून पक्षाने पुढील चार मागण्या घेऊन उभे राहावे असे आम्हाला वाटते. एक, शिक्षकभरती दरवर्षी ठरल्या महिन्यात व्हावी आणि सव्विसाव्या कलमाचे पालन प्रत्येक शाळेत दिसावे. दोन, शिक्षण सेवक हे पद रद्द करून पहिल्या दिवसापासून शिक्षकाचे वेतन द्यावे. परिविक्षा ठेवावयाची तर पूर्ण वेतनावर ठेवावी. तीन, पदविकेच्या काही जागा अंगणवाडी सेविका, शाळेतील कर्मचारी आणि अन्य व्यवसायांतील प्रौढांसाठी राखून त्यांना प्रशिक्षणकाळात किमान वेतनाइतके विद्यावेतन द्यावे, आणि त्याबदल्यात ठराविक वर्षे ग्रामीण वा आदिवासी शाळेत सेवेचे बंधन घालावे. चार, भरती बंद होती तितकी वर्षे उमेदवाराच्या वयातून वजा धरावीत. यांतील एकही मागणी गुणवत्तेशी तडजोड करीत नाही. खर्च होईल हे मान्य. पण आजही खर्च होतोच आहे. फक्त तो गरीब उमेदवाराच्या घरातून आणि त्या वर्गात शिक्षकाविना बसलेल्या मुलाच्या आयुष्यातून होतो आहे, म्हणून तो अंदाजपत्रकात दिसत नाही.

थोडे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. विधानपरिषदेच्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुका आल्या की सर्वच पक्षांची, आपलीही, धावपळ सुरू होते. पण राज्यघटनेच्या 171 व्या कलमाप्रमाणे या मतदारसंघात माध्यमिक दर्जाच्या खालील शाळांतील शिक्षकांना मतच नाही. प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न सभागृहात इतक्या क्षीण आवाजात का येतो याचे एक कारण येथे आहे. ज्याला त्या मतदारसंघात मत नाही त्याचा प्रश्न घेऊन उभे राहणे हेच खरे तर आपले काम.

काम गावापासून सुरू करता येईल. आपल्या तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांची मंजूर पदे किती, भरलेली किती, मानधनावरची किती, हे माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली पंचायत समितीकडून लेखी मागवावे. दहा टक्क्यांच्या मर्यादेशी ते ताडून ग्रामसभेत वाचून दाखवावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्याकडून ठराव करून घ्यावा. आणि आपल्या गावात, कारखान्यात, रिक्षाथांब्यावर, अंगणवाडीत शिक्षक होऊ इच्छिणारे कोण आहेत, त्यांची यादी करावी. ती यादी हाती आली म्हणजे शिक्षक मिळत नाहीत हा सरकारी दावा आपोआप गळून पडेल.

तो विद्यार्थी जाताना हिशेबाचा कागद घडी करून खिशात घेऊन गेला. "विचार करतो, सर," एवढेच म्हणाला. संध्याकाळची वेळ होती. ओट्यावर मुले येऊन बसली असतील, म्हणून घाईत होता. त्याच्या हातून शिकणाऱ्या त्या मुलांचा हा प्रश्न आहे. त्याने विचार करून नकार दिला तर दोष त्याचा नसेल. तो नकार त्याला द्यावा लागू नये यासाठी झटणे आपल्या हाती आहे.